शून्य आणि ‘नव्हतो’

गेल्या सप्टेंबरात पंधरा दिवस गावी होतो. आमचं गाव घनसावंगी तालुक्यात. घरात नेट धड चालत नाही, गच्चीवर टाकीच्या सावलीत मात्र चालतं. त्यामुळे प्लॅस्टिकची खुर्ची आणि मांडीवर लॅपटॉप, असं माझं ऑफिस तिथेच भरायचं. एका दुपारी अण्णा वाळत घातलेले मूग हलवायला वर आले. मूग पसरता पसरता त्यांनी माझ्या स्क्रीनकडे पाहिलं.

“काय मोजू लागलास एवढं?”

“प्रोसेसरनं किती काम केलं अन् कुठं अडकला, ते.”

त्यांनी वाकून यादी बघितली. इंग्रजी शब्द सोडून दिले आणि आकडे वाचले. अण्णा आकडे कायम नीट वाचतात, मग ते बाजार समितीच्या पट्टीवरचे असोत की वीजबिलावरचे. प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात टक्केवारी होती. २४.९, २५.१, २५.०.

“हे कंसात पंचवीस टक्के कशाचे?”

“तेवढाच वेळ खरं मोजलंय. बाकीचा अंदाज.”

“मग पाऊण वेळ कुठं होतास?”

मी हसलो. पण हाच प्रश्न कुणी मला मार्च महिन्यात विचारला असता, तर आमच्या टीमचे तीन आठवडे वाचले असते.

*

आधी मी काय मोजत होतो ते सांगतो.

मी लिनक्स कर्नलवर काम करतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर कधी मिळणार, कुणाला किती मेमरी द्यायची, हे ठरवणारा भाग. तुमच्या हातातला फोन अँड्रॉइड असेल तर त्यातही हाच कर्नल आहे.

प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरमध्ये मोजणीसाठी काही रजिस्टर राखून ठेवलेले असतात. त्यांना हार्डवेअर परफॉर्मन्स काउंटर म्हणतात. एखादी घटना घडली की काउंटर एकानं वाढतो. घटना म्हणजे एक इन्स्ट्रक्शन पूर्ण झाली, प्रोसेसरचा अंदाज चुकून त्याला चुकीच्या वाटेवरून परत यावं लागलं, किंवा ‘कॅशे मिस’ झाला. कॅशे मिस म्हणजे हवी ती गोष्ट जवळच्या छोट्या मेमरीत सापडली नाही आणि थेट मुख्य मेमरीपर्यंत जावं लागलं. चहा उकळतोय, डब्यात साखर नाही, आणि गावातलं दुकान बंद म्हणून तालुक्याला निघायचं, तसं काहीसं. प्रोग्रॅम चुकत नाही, नुसता ताटकळतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं प्रोसेसर शंभर टक्के कामात आहे. तो वाट बघतोय हे काउंटर लावल्याशिवाय कळत नाही.

१९९३ साली इंटेलचा पेंटियम आला तेव्हा त्यात हे काउंटर होते, पण त्यांची माहिती सगळ्यांसाठी छापलेली नव्हती. गुप्ततेच्या करारावर सही केली तर मिळायची. १९९४ च्या जुलैमध्ये नॉर्वेच्या टेर्ये मॅथिसन यांनी स्वतः खटपट करून शोधलेलं ‘बाइट’ मासिकात लिहिलं आणि हे गुपित बाहेर आलं. लिनक्सवर त्यानंतर बरीच वर्षं हे काम वेगवेगळ्या पॅचमधून चालायचं. शेवटी डिसेंबर २००८ मध्ये थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी नवी मांडणी पुढे ठेवली आणि सप्टेंबर २००९ च्या २.६.३१ या आवृत्तीत ती कर्नलमध्ये आली. आज तिला ‘पर्फ’ म्हणतात. त्या मांडणीचा गाभा सोपा आहे. तुम्ही फक्त काय मोजायचं ते सांगा. कोणता रजिस्टर वापरायचा, कधी चालू करायचा, कधी बंद करायचा, ते कर्नल बघेल.

हे ‘बघणं’ मात्र सोपं नाही. पहिली अडचण अशी की काउंटर कोअरचा असतो, प्रोग्रॅमचा नसतो. एका कोअरवर एका सेकंदात कितीतरी प्रोग्रॅम येऊन जातात. तुमचा प्रोग्रॅम बाजूला काढला की कर्नलला काउंटरवरचा आकडा तुमच्या खात्यावर लिहावा लागतो आणि काउंटर पुढच्याच्या नावावर लावावा लागतो. नाहीतर एकाचं बिल दुसऱ्याला.

दुसरी अडचण, काउंटर भरतो. माझ्या लॅपटॉपवर तो ४८ बिटांचा आहे. त्यात साधारण २८१ लाख कोटीपर्यंत मोजता येतं. फार वाटतं, पण ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे ठोके मोजले तर एवढा आकडा साधारण २६ तासांत संपतो आणि काउंटर पुन्हा शून्यावर येतो. तसं झालं तर मोजलेलं वाहून जाईल. म्हणून काउंटर भरला की प्रोसेसर कर्नलला हाक मारतो आणि कर्नल आधीचं सगळं आपल्या मोठ्या वहीत जमा करून घेतो. ही हाक साधी नसते. इंटेल, एएमडीच्या प्रोसेसरवर ती अशा इंटरप्टनं येते की कर्नल ‘आता मध्ये बोलू नका’ म्हणून बसलेला असला तरी ती ऐकावीच लागते. याच सोयीचा उलटा उपयोगही करतात. काउंटर मुद्दाम असा भरून ठेवायचा की आणखी एक लाख घटना झाल्या की तो उतू जावा. प्रत्येक हाकेला प्रोग्रॅम कुठल्या ओळीवर आहे ते टिपून घ्यायचं. लहानपणी आमच्या खळ्यावर ज्वारी मापताना आजोबा पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे आणि दर वीस मापांना एक मूठ बाजूला ठेवायचे. शेवटी मुठी मोजल्या की झालं. तीच युक्ती.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. मोजता येतील अशा घटना शेकड्यांनी आहेत आणि काउंटर मूठभर. माझ्या मशीनवर कोणत्याही घटनेला लावता येतील असे चार आणि ठरलेल्या कामाचे तीन. त्यातलाही एक बऱ्याचदा कर्नल स्वतःच अडवून ठेवतो, मशीन गोठलं तर कळावं म्हणून. मग बारा-पंधरा घटना मोजायच्या असल्या तर? पाळ्या लावायच्या. काही मिलिसेकंद या चार, मग पुढच्या चार, मग त्या पुढच्या.

पाळ्या म्हटल्यावर आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही. जायकवाडीचा डावा कालवा आमच्या तालुक्यातून जातो आणि त्याला पाणी येतं ते आवर्तनानं. शेतीपंपाची वीजही आवर्तनानं, आठवड्यात काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. वीज असताना तुम्ही शेतात नसलात, तर तुमच्यापुरती ती आलीच नाही.

पाळ्या लावून मोजताना कर्नल एक गोष्ट फार प्रामाणिकपणे करतो. तो तीन आकडे परत देतो. किती मोजलं, मोजायला सांगून किती वेळ झाला, आणि त्यातला किती वेळ काउंटर खरोखर चालू होता. समजा १० सेकंदांपैकी अडीच सेकंद काउंटर चालू होता आणि त्यात ३ कोटी मोजले, तर एकूण १२ कोटी असतील असा गुणाकार करता येतो. पण तो गुणाकार कर्नल करत नाही. कमांड करते, आणि केला हे कंसात लिहिते. एखाद्या घटनेची पाळी आलीच नाही, तर कमांड तिथे शून्य लिहीत नाही. ‘नॉट काउंटेड’ असं अक्षरात लिहिते. मोजलं आणि काही सापडलं नाही हे वेगळं, मोजलंच नाही हे वेगळं.

*

मार्चमध्ये मी नेमका हा फरक पुसून टाकला होता.

आमच्या एका स्टोरेज सर्व्हरवरचा प्रोग्रॅम अधूनमधून अडखळायचा. दर सेकंदाला एकदा त्याच्याकडे कामाचा लोंढा यायचा, काही मिलिसेकंदांत तो उरकायचा आणि बाकी वेळ बऱ्यापैकी निवांत. कुठे अडखळतोय ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी एका दमात चौदा घटना लावल्या, पाच सेकंद मोजलं आणि आकडे तक्त्यात भरायला एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. कमांडचं उत्तर स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींत घेता येतं. आकडा, एकक, घटनेचं नाव, किती वेळ मोजलं, किती टक्के वेळ मोजलं. मला तक्ता सुटसुटीत हवा होता. मी पहिला आणि तिसरा रकाना ठेवला, बाकीचे टाकून दिले. आकड्याच्या जागी ‘नॉट काउंटेड’ आलं की पुढची बेरीज बिघडायची, म्हणून तिथे शून्य भरायला सांगितलं. एका ओळीचं काम. लिहिताना हात जराही अडखळला नाही.

तक्त्यात कॅशे मिस नगण्य दिसले. मी अहवालात लिहिलं, ‘मेमरीचा प्रश्न नाही, लॉकचा दिसतो.’ तक्ता देखणा होता, कुणी शंका घेतली नाही. दोघांनी तीन आठवडे खपून लॉकचा भाग नव्यानं लिहिला. फरक काहीच पडला नाही.

मग आमच्या टीम लीडनं माझ्याकडे कच्ची फाइल मागितली. ती स्क्रोल करत गेली आणि तिनं एवढंच विचारलं, “हा शेवटचा रकाना तुझ्या तक्त्यात का नाही?”

कॅशे मिसच्या ओळीपुढे चोवीस टक्के होते. पाच सेकंदांत लोंढे आले पाच. प्रत्येक लोंढा साधारण एका पाळीएवढा. चारपैकी एक पाळी आपली असेल, तर पाचही लोंढे हुकण्याची शक्यता जवळजवळ चौथाई. म्हणजे काही अघटित घडलेलं नव्हतं. काउंटर चालू होता तेव्हा सगळं शांत होतं, आणि गोंधळ झाला तेव्हा तो दुसरंच काही मोजत होता. त्याच्यापुरता तो खराच बोलत होता. मी त्या घटना चार-चारच्या गटानं, प्रत्येक वेळी दहा मिनिटं पुन्हा मोजल्या. प्रश्न मेमरीचाच निघाला. दुरुस्ती दोन दिवसांची.

कुणी ओरडलं नाही. पण ज्या दोघांनी तीन आठवडे घातले, त्यातल्या एकाचं लग्न तोंडावर होतं आणि तो रात्री उशिरापर्यंत बसायचा. त्याला मी “सॉरी” म्हणालो, तो “चलता है” म्हणाला. ते शून्य माझ्या मनातून काही गेलं नाही.

*

गच्चीवरच्या त्या गप्पांनंतर पाचव्या दिवशी रात्री पाऊस आला. नऊच्या सुमाराला सुरू झाला तो पहाटे तीनपर्यंत. गावाच्या वरच्या अंगाचा ओढा फुटून आमच्या शेतात शिरला. सकाळी गेलो तेव्हा सोयाबीन गुडघाभर पाण्यात उभं होतं. काढणीला पंधरा दिवस राहिले होते. पाणी उतरायला दोन दिवस लागले आणि आठवड्यानं शेंगांतच कोंब दिसू लागले.

पाऊस किती झाला हे ठरवायची पद्धत अशी. तालुक्याची महसूल मंडळं पाडलेली असतात, एका मंडळात बरीच गावं. मंडळाचं एक पर्जन्यमापक किंवा अलीकडे बसवलेलं स्वयंचलित हवामान केंद्र असतं. तिथे २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की त्या मंडळात अतिवृष्टी झाली असं धरतात. आमच्या मंडळाचं माप गावापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. त्या रात्री तिथे पन्नाशीच्या आत पाऊस झाला. यादी आली, त्यात आमचं मंडळ नव्हतं.

पारावर बरंच काही बोललं गेलं. कुणी म्हणालं मापच बिघडलेलं आहे, कुणी म्हणालं मुद्दाम केलं. मला मात्र माझा मार्चमधला तक्ता दिसत होता. माप बिघडलेलं नसणार. ते जिथे उभं आहे तिथे तेवढाच पडला असेल. आमच्याकडचा पाऊस असाच पडतो, एका शिवारात कोसळतो आणि शेजारच्या शिवारात धूळ राहते. ओंजळीएवढ्या तोंडाचं ते माप खरंच बोललं. पण त्याचा आकडा सगळ्या गावांवर पसरला, आणि पसरताना कंस गळून पडला. ‘एवढ्या गावांपैकी एका ठिकाणी मोजलं’ हे सांगणारा रकाना यादीत नव्हता. आमच्या गावापुढे खरं तर ‘मोजलं नाही’ असं असायला हवं होतं. तिथे ‘अतिवृष्टी नाही’ झालं.

बहुतेक कुणाला तरी तक्ता सुटसुटीत हवा असेल. त्या माणसावर मला नीट रागावताही येईना. तो माणूस मी होऊन बसलो होतो.

यादी आली त्या संध्याकाळी मी तावातावानं अण्णांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आपल्याकडं लिहिलेलं हाय की.”

भिंतीवरचं कालनिर्णय त्यांनी खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिलं. अण्णा त्यावर दूध, मजुरी, मोटारीचे तास लिहितात हे मला माहीत होतं. पाऊस लिहितात हे बघूनही कधी वाचलं नव्हतं. अंगणात तुळशीच्या बाजूला रंगाचा एक रिकामा डबा ठेवलेला असतो, सरळ भिंतींचा. सकाळी ते त्यात शाळेची पट्टी बुडवतात आणि जेवढे मिलिमीटर तेवढे तारखेच्या चौकटीत लिहितात. त्या रात्रीच्या चौकटीत बारीक अक्षरात होतं, ‘१२०. डबा भरून वाहिला.’

म्हणजे १२० झाला असं ते म्हणत नव्हते. १२० पर्यंत मोजता आला, पुढचं माझ्या मापात मावलं नाही, असं म्हणत होते.

मी मागची पानं उलटली. जुलैत पाच-सात आकडे, बाकी शून्यं. ऑगस्टच्या मध्यात सलग चार चौकटींत आकडा नव्हता, शून्यही नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ‘नव्हतो’. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते माझ्याकडे पुण्याला आले होते ते दिवस.

“आईला विचारून लिहायचं ना,” मी म्हणालो.

“तिनं डबा पाहिलाच नाही. मग काय लिहू? शून्य लिहिलं तर पडला नाही असं होतं.”

यासाठी मला इंजिनिअरिंगची पदवी, पाच वर्षांची नोकरी आणि दोन माणसांचे तीन आठवडे लागले होते.

जुनी कालनिर्णयं ते टाकत नाहीत. माळ्यावरच्या ट्रंकेत गठ्ठा आहे. मी २०१२ चं शोधून काढलं. त्या वर्षीच्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, आमचीही गेली. मी तेव्हा दहावीत होतो. मला टँकर आठवतात, आणि बाग तोडली त्या दिवशी घरात चूल उशिरा पेटली ते आठवतं. पानं मी पहिल्यांदाच बघत होतो. जूनपासून सगळी शून्यं. मध्येच एखादा ४, एखादा ११, मग पुन्हा ओळीनं शून्यं. एकाही दिवशी ‘नव्हतो’ नाही. म्हणजे त्या पावसाळ्यात हा माणूस रोज सकाळी उठून डब्यापाशी गेला, आत पाहिलं, काही नाही म्हणून घरात येऊन पेनानं शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला.

त्या रात्री गच्चीवर जाऊन मी माझी स्क्रिप्ट उघडली. आमच्या टीमचे बाकीचेही आता ती वापरतात. काढून टाकलेले रकाने परत आणले. शून्य भरणारी ओळ खोडली. आता मोजणी झाली नसेल तर बेरीज तिथेच थांबते आणि पडद्यावर तसं लिहून येतं. दुसऱ्या दिवशी एकानं मेसेज टाकला, स्क्रिप्ट सारखी बंद पडते, पूर्वीसारखी कर. नाही करणार, असं मी त्याला कळवलं आणि चार-चारच्या गटानं कसं मोजायचं ते लिहून दिलं.

सोयाबीनचं काय झालं विचाराल, तर अण्णांनी डब्याच्या नोंदीसकट अर्ज दिला आहे. ‘चौकशी करतो’ म्हणाले आहेत. रंगाच्या डब्याला कुणी पर्जन्यमापक मानणार नाही, हे अण्णांनाही कळतं. पुण्याला निघताना मी त्यांना एक प्लॅस्टिकचं खरंखुरं पर्जन्यमापक ऑनलाइन मागवून दिलं. त्यांनी ते उघड्यावर, पत्र्यापासून लांब बसवलं. डबाही तुळशीपाशी आहे तसाच ठेवला आहे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहितात.